नववी 'ब'मधला सोपान

आमच्या शाळेत नववी 'ब'च्या वर्गात सोपान नावाचा एक मुलगा आहे. गणितात तो इतका कच्चा आहे की अख्खी शाळा त्याची काळजी करते. अडचण एवढीच की तो नाही. म्हणजे जन्मालाच आलेला नाही. तो आमच्या तांबोळी मॅडमच्या डोक्यातून निघाला आणि थेट वर्कशीटवर जाऊन बसला.

तांबोळी मॅडम नाशिक रोडच्या आमच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवतात. मी मराठी शिकवतो. शिक्षकखोलीत आमच्या खुर्च्या शेजारी, त्यामुळे सोपानच्या भानगडी मला सगळ्यांच्या आधी कळतात. मॅडमच्या वर्कशीटवर 'सोडवा' हा शब्दच नसतो. तिथे सोपाननं गणित आधीच सोडवलेलं असतं आणि हमखास चुकवलेलं असतं. खाली मॅडमचं टुमदार अक्षर: 'सोपान कुठे चुकला? त्याला न दुखावता समजावून सांगा.'

न दुखावता, हे महत्त्वाचं. एका मुलीनं 'सोपान, तू गाढव आहेस' असं लिहिलं, तर मॅडमनी तिला सोपानची माफी मागायला लावली. तिनं मागितली. दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत सोपानचं उत्तर आलं, 'असू दे ताई.' अक्षर वेडंवाकडं होतं. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मॅडम डाव्या हातानं काहीतरी गिरवत बसल्या होत्या, ते मी पाहिलं होतं, पण वर्गात बोललो नाही.

पोरं मात्र पेटली. सोपाननं एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश मिळवून दोन पंचमांश केले, तेव्हा एकानं लिहिलं, 'अरे, अर्धी भाकरी खाऊन वर आणखी खाल्लीस, तरी अर्ध्याहून कमीच कशी झाली? घरी नीट जेवत जा.' 'अ अधिक ब'च्या वर्गाला सोपाननं नुसते दोन चौरस काढले, तर मागच्या बाकावरच्या एकीनं उरलेल्या जागेत दोन आयत काढून लिहिलं, 'हे दोघं बाहेर उभे आहेत, त्यांना आत घे.' ते वाचून मॅडम शिक्षकखोलीत एवढ्या हसल्या की त्यांचा चष्मा माझ्या डब्यात पडला. भाजी पातळ होती.

"उत्तर राहू दे. का ते सांग," हे मॅडमचं ठेवणीतलं वाक्य. ते वर्गापुरतं राहिलं असतं तर बरं झालं असतं. शिपायानं साखर संपली म्हणून बिनसाखरेचा चहा आणला, तर मॅडम त्याला म्हणाल्या की हे उत्तर झालं, पण का संपली? तो बिचारा विचार करत गेला तो थेट दुसऱ्या दिवशी कारण घेऊन आला. साखर मुख्याध्यापकांच्या खोलीत सापडली होती.

मग तपासणीला एक साहेब आले. त्यांनी गठ्ठ्यातून वर्कशीट उचलली, चष्मा वर केला आणि विचारलं, हा सोपान कोण? याच्या मूलभूत संकल्पनाच कच्च्या आहेत, याला जादा तास का लावत नाही? आमचे मुख्याध्यापक घाबरून 'लावतो साहेब' म्हणून गेले. साहेबांपुढे शब्द दिलेला, आता फिरवायचा कसा? वेळापत्रकात सोपानचा जादा तास चढला. आणि गंमत म्हणजे त्या तासाला निम्मा वर्ग आपण होऊन येऊन बसायला लागला, सोपानला एकटं वाटू नये म्हणून.

पुढे मात्र प्रकरण गंभीर झालं. पालकांची तक्रार आली की इतर वर्गांचे धडे भराभर संपतायत आणि आमची मुलं कुणा सोपानचा अभ्यास करत बसतात. मुख्याध्यापकांनी मॅडमना बोलावून सांगितलं की पालकसभेत समाधान झालं नाही तर वर्कशीट बंद, सरळ पुस्तकातली उदाहरणं घ्या. त्या दिवशी मॅडम डबा न उघडताच तासावर गेल्या.

सभेत सगळ्यात आधी कांद्याचे एक व्यापारी उठले. आवाज लिलावाचा. त्यांचं झाल्यावर मॅडमनी पालकांनाच एकेक वर्कशीट वाटली. कांद्याचा भाव वीस टक्के चढला, मग वीस टक्के उतरला. सोपान म्हणतो, भाव होता तिथेच आला. बरोबर का?

"बरोबरच आहे," व्यापारी म्हणाले. "वीस चढले, वीस उतरले. शंभराचे झाले एकशेवीस, आणि एकशेवीसचे वीस टक्के..." ते थांबले. बोटांवर मोजलं. शेजारच्याचं पेन घेतलं. मग खुर्चीवर हळूच बसत म्हणाले, "सोपान बुडाला."

त्यानंतर सभा कुणाच्याच हातात राहिली नाही. उतरताना टक्के चढलेल्या भावाचे जातात हे एक आजी सुनेला समजावत होत्या. कुणी विचारत होतं की आधी उतरून मग चढला तर? मुख्याध्यापक स्वतः खडू घेऊन फळ्यापाशी. जाताना व्यापारी मॅडमना म्हणाले, त्या पोराला माझ्या गाळ्यावर पाठवा, महिन्याभरात तयार करतो. वर्कशीट राहिली.

सप्टेंबरात मॅडमनी अचानक आठवडाभर रजा टाकली. मला घोटीला एका साखरपुड्याला जायचंच होतं, तर मुलांनी भरलेल्या वर्कशीटचा गठ्ठा मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात मारला. म्हणून मी पुढे इगतपुरीला त्यांच्या घरी गेलो. इतकी वर्षं शेजारी बसून मी तिथे कधी गेलो नव्हतो.

खिडकीशी खुर्चीत त्यांचे अब्बा बसले होते. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. मॅडमनी हळू आवाजात सांगितलं की ते रेल्वेत होते. घाट उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक इथे तपासतात, जन्मभर तेच काम केलं. आता बाकी सगळं विसरलेत. रोज शेजारच्या खाला त्यांच्याजवळ थांबतात, पण त्या आजारी पडल्या, म्हणून रजा.

"ब्रेक देखे?" अब्बांनी विचारलं.

"देखे अब्बा. गाडी उतर गई आराम से."

ते शांत झाले. गठ्ठ्याची दोरी सुटेपर्यंत त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मॅडमनी पुन्हा तेच सांगितलं, जणू पहिल्यांदाच कुणी विचारतंय. मग पुन्हा. आवाजात कुठे कंटाळा येतो का, म्हणून मी ऐकत होतो. आला नाही.

मॅडम चहा टाकायला आत गेल्या. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, पाहुणा म्हणून मराठीत विचारलं, "ब्रेक तपासले का?"

मी हो म्हणालो.

"कुणी?"

"तुमच्या मुलीनं," मी म्हणालो.

त्यांनी मान मागे टेकली, डोळे मिटले.

"मग सोडा गाडी," ते म्हणाले.