ब्याऐंशी किलो

रॉडनी पास्को नुसत्या नजरेने मेंढीचं वजन सांगायचा आणि काटा त्याला सहसा खोटं पाडायचा नाही. गावच्या जनावरांच्या बाजारात तो सव्वीस वर्षं वजनकाट्यावर होता. असा हा माणूस हिवाळ्यात दर शनिवारी सकाळी नायरीच्या दुकानात स्की भाड्याने घ्यायला जायचा, तिथला फॉर्म भरायचा आणि वजनाच्या रकान्यात बिनदिक्कत लिहायचा, ब्याऐंशी किलो. हा तिसरा हिवाळा. तीन वर्षांत त्याने बेकरीतल्या किती खिम्याच्या पाई आणि चीज रोल फस्त केले याची गणती नाही, पण फॉर्मवरचे ब्याऐंशी काही हलले नव्हते.

याला कारण होतं. फॉर्म वाचणारी नायरी होती. रॉडनी सत्तावन्न वर्षांचा, एकटा. नायरीही एकटीच, करड्या वेणीची आणि कमी बोलणारी. फॉर्म देताना ती म्हणायची, "आज वर वारं आहे हं." तो म्हणायचा, "असू दे." मग ती गुडघ्यावर बसून त्याचे बूट स्कीला लावून बघायची आणि बूट स्कीवर धरून ठेवणाऱ्या पकडीचा स्क्रू पेचकसाने फिरवायची. सगळं मिळून दहा मिनिटं. या दहा मिनिटांवर रॉडनीचा आठवडा निघायचा. खरं सांगायचं तर त्याला स्कीइंगची धास्तीच वाटायची. पण स्की भाड्याने घेऊन डोंगरावर न जाणं बरं दिसलं नसतं.

आता, स्कीची पकड घट्ट किती लावायची हे वजनावर ठरतं. भारी माणसाला हलक्या माणसाची पकड लावली तर जरा धक्का बसला की बूट सुटतो. मेंढ्यांच्या बाबतीत रॉडनीने ही चूक कोणालाही करू दिली नसती.

जुलैच्या, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या ऐन हिवाळ्याच्या, सुट्टीत त्याची थोरली बहीण ग्वेंडा किनाऱ्यावरच्या शहरातून राहायला आली आणि शनिवारी त्याच्याबरोबर डोंगरावर गेली. तो गावच्या स्की क्लबचा डोंगर. तिथे वर न्यायला खुर्च्यांचा पाळणा वगैरे चोचले नाहीत. फिरता दोर असतो, तो कमरेच्या पट्ट्याला बांधलेल्या चिमट्यात पकडायचा आणि ओढले जात वर जायचं. अर्ध्या चढावर रॉडनीची डावी स्की सुटली. त्याने चिमटा सोडायला हवा होता, पण घाबरून तो आणखी घट्ट धरला. एका पायावर तो वीसेक हात गेला आणि मग आडवा झाला. त्याच्यावर मागचा आला, त्याच्यावर त्याच्या मागचा. दोर थांबला तेव्हा सात जण एकावर एक पडले होते आणि सगळ्यात वर क्लबचे अध्यक्ष होते. त्या दिवशी स्की आणखी तीनदा सुटली.

"भंगार आहेत त्या भाड्याच्या स्की!" परतताना गाडीत ग्वेंडा कडाडली. "ती दुकानवाली काय झोपेत स्क्रू पिळते?"

"तिचं काही चुकलेलं नाही," रॉडनी म्हणाला.

"मग कोणाचं चुकलं?"

रॉडनी वाकून आपला सुजलेला गुडघा चोळू लागला. दुकानात स्की परत देतानाही तो लंगडत होता. नायरीने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं आणि स्की आत नेऊन ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये जुन्या सामानाची विक्री होती. दुपारी ग्वेंडा विजयी मुद्रेने घरी आली. तिच्या खांद्यावर बाराएक वर्षं जुन्या, हिरव्या रंगाच्या स्की होत्या आणि हातात बूट.

"घे! आजपासून भाडं बंद. घालून बघ बूट."

बूट मापात बसले, अगदी त्याच्यासाठी शिवल्यासारखे. रॉडनीला घाम फुटला.

"रंग बघितलास का यांचा?" त्याने एक प्रयत्न केला.

"तुला काय त्या लग्नात मिरवायच्यात?"

"भाड्याच्या बऱ्या असतात गं. दर वर्षी नव्या मिळतात."

"आणि दर शनिवारी तोंडावर पाडतात! अरे, टेबलाशी बसलेल्या बाईने स्वतः काढून दिल्या. म्हणाली, मापाची काळजी करू नका, नक्की होतील. इतकी चांगली माणसं असतात जगात, आणि तू बघ!"

त्या दुपारी रॉडनी बराच वेळ पडवीत त्या स्कीसमोर बसला. स्की वाईट नव्हत्या. कडांना धार लावलेली होती, तळाला ताजं मेण होतं. तेच वाईट होतं. त्या मोडक्या असत्या तर नाकारता आल्या असत्या. स्वतःच्या स्की असलेला माणूस भाड्याच्या दुकानात कशाला जाईल? वर्षातून एकदा, मेण लावायला. आणि ग्वेंडाला हे सांगायचं तर आधी स्वतःशी मोठ्याने म्हणायला हवं होतं, आणि तेवढं धैर्य त्याच्यात नव्हतं. आपण भित्रे आहोत हे त्याला ठाऊक होतं, पण ते इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

मग त्याने भित्र्या माणसाचा मार्ग धरला. सोमवारी त्याने त्या स्की बेकरीबाहेर भिंतीला टेकवल्या आणि विसरल्यासारखं करून निघून आला. तासाभरात बेकरीवाल्याने त्या घरपोच केल्या, वर एक गरम पाईही दिली. बुधवारी त्याने त्या बाजाराच्या फाटकाशी सोडल्या. संध्याकाळी मेंढ्यांच्या ट्रकचा ड्रायव्हर दारात हजर.

"काय राव, बहिणीने एवढ्या प्रेमाने आणलेली वस्तू टाकून येता?" तो म्हणाला. ग्वेंडाने गावभर सांगून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी ग्वेंडानेच गाडी काढली आणि दुकानासमोर उभी केली. "जा, पकड तुझ्या वजनाला लावून आण. मी इथे बसते. आणि भाड्याची जोडी घेऊन बाहेर आलास तर याद राख."

रॉडनी हिरव्या स्की काखेत मारून, चोरी पकडल्यासारखा आत गेला. नायरी काउंटरमागे उभी होती.

"बहिणीने घेतल्या," तो म्हणाला. "मला नको होत्या. म्हणजे चांगल्या आहेत. पण पकड..."

"लावलेली आहे."

"अं?"

"पकड लावलेली आहे. मीच लावली, गेल्या शनिवारी रात्री." नायरीने एक बोट पकडीवरच्या आकड्यांच्या पट्टीवर टेकवलं. "दुकानातल्या जुन्या जोड्यांतली आहे ही. कडांना धार केली, मेण लावलं. तुमचं बुटाचं माप मला पाठ आहे. विक्रीच्या टेबलाशी मीच होते, तुमच्या बहिणीला मीच काढून दिल्या."

रॉडनीने पट्टी पाहिली. ब्याऐंशीची पकड कुठे असते ते त्याला आता डोळे मिटून सांगता आलं असतं. काटा तिथे नव्हता.

"किती वजनाला लावलीत?"

"अठ्ठ्याण्णव."

दुकानात आणखी कोणी नव्हतं हे बरं होतं. रॉडनीचे कान तापले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"वीस वर्षं माणसं येतात माझ्याकडे. दारातून आत आली की कळतं मला."

"मग आधी का नाही...?"

"फॉर्मवर लिहिलं असेल तेच लावायचं, असा नियम आहे. खाली सही तुमची. दर शनिवारी वाटायचं, आज तरी खरं लिहितील." ती जरा थांबली. "गेल्या शनिवारी लंगडत आलात, तेव्हा मात्र मला माझाच राग आला."

"म्हणून मला गिऱ्हाईक म्हणून काढून टाकलंत?"

नायरी हसली. तीन हिवाळ्यांत तो तिला इतक्या जवळून हसताना पहिल्यांदा पाहत होता.

"शनिवारी मला काउंटर सोडता येत नाही. मंगळवारी दुकान बंद असतं, मी एकटीच डोंगरावर जाते. पण मंगळवारी तुला स्की भाड्याने कोण देणार होतं रे?"

मंगळवारी बाजारही नसतो, हे रॉडनीला आठवलं. नायरी आपल्याला अरे-तुरे करतेय हेही लक्षात आलं, पण त्यावर काही बोलून ते मोडायची त्याची इच्छा नव्हती. त्याने स्की काउंटरवर आडव्या ठेवल्या.

"अठ्ठ्याण्णव चूक आहे," तो म्हणाला.

"चूक?"

"काल बाजार उठल्यावर मेंढ्यांच्या काट्यावर उभा राहिलो होतो." त्याने एक मोठा श्वास घेतला. "एकशे एक."

बाहेर ग्वेंडाने हॉर्न वाजवला. नायरीने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, मग कोरा फॉर्म त्याच्यासमोर सरकवला आणि पेचकस हातात घेतला.

"लिही," ती म्हणाली.