कोळंबीची तपासणी

जमनामावशीच्या मांजरीची शी मी डहाणूच्या खाडीत फेकून दिली. आधी हे कबूल करतो, मग मावशीबद्दल सांगतो.

जमनामावशी चिंचणीत आमच्या शेजारी राहते. सुके बोंबील विकते आणि घासाघीस करते. दुसरं काम जास्त मन लावून. एकदा देवळात नारळ फुकट वाटत होते, तिथेही म्हणाली, "लहान हाय. वर थोडं खोबरं टाक!" वाळवणावर येणाऱ्या मांजरांना तिने जन्मभर खडे मारले. आणि या वर्षी एक मरतुकडं पिल्लू स्वतःच उचलून घरी आणलं. अंगाची गुंडाळी करून झोपायचं, म्हणून नाव ठेवलं कोळंबी.

लगेच सरकारी पशुदवाखाना गाठला. तिथली फी नावापुरती. तरी मावशी भांडलीच. "म्हशीची नि हिची एकच फी? बघा तरी, केवढीशी हाय!"

डॉक्टर हसले. "तिची शी तेवढी तपासून घ्या, मावशी. आपल्याकडे सोय नाही, डहाणूच्या दवाखान्यात पाठवा."

मी नोकरीसाठी रोज एसटीने डहाणूला जातो. साहजिकच शीची डबी माझ्या हातात आली. "भाऊ, सांडू नको हां!"

गाडी खच्चून भरलेली. शेजारच्या माणसाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे, आणि उठून उभा राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाडीचा पूल आला तशी मी डबी खिडकीतून सोडली.

संध्याकाळी मावशी पायरीवर वाट बघत होती. "काय म्हणाले?"

"सगळं ठीक आहे," मी म्हणालो.

पुढे कोळंबी खाईना. भिंतीपलीकडून मावशीचा आवाज यायचा. "डॉक्टरनं पास केलंय तुला! ताजी मांदेली आणली नि तोंड फिरवते! नाटकं करतेस?" मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

एका सकाळी कोळंबी उठेचना. मावशीने तिला मासळीच्या टोपलीत घातलं, मीही सोबत गेलो. डॉक्टर म्हणाले, "पोटात जंत आहेत. अंगात रक्तच उरलं नाही. आजचा दिवस काढला तर वाचेल." त्यांनी इंजेक्शन दिलं, औषधं लिहिली. मावशीने कमरेची पिशवी तशीच टेबलावर ठेवली. किती झाले ते विचारलंही नाही.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर म्हणाली, "आमचे हे गेल्यापासून घरात बोलायला कोण नव्हतं, भाऊ. ही आली, तर रोज हिला शिव्याच दिल्या. आजारी होती रे पोर. मला कसं कळलं नाय?"

मग मात्र मला सगळं सांगावं लागलं. डबी, पूल, खाडी.

मावशी शिव्या देईल म्हणून मी मान खाली घातली. तिने फक्त टोपलीवरचं फडकं बाजूला केलं.

"मला काय सांगतोस? तिला सांग."

शेळ्या घेऊन आलेली चार माणसं बघत होती. मी टोपलीपुढे उकिडवा बसलो.

"कोळंबी," मी म्हणालो, "तू नाटकं करत नव्हतीस. मी खोटं बोललो. माझं चुकलं गं, मला माफ कर."