पडद्यावरचे दोन मामा

आपल्याकडच्या लग्नात फ्लेक्स लागणार नाही, असं मी भर बैठकीत ठणकावून सांगितलं. अहो, मी लातूरचा जावा प्रोग्रामर! सख्ख्या बहिणीच्या लग्नात दारावर काका-मामांचे फोटो टांगायचे? हॉलमध्ये मोठा पडदा लावू, पाहुण्यांची नावं त्यावर सरकत राहतील, प्रोग्राम मी लिहितो! आमचे वडील, अप्पा, एवढंच म्हणाले, "बघ बाबा. फ्लेक्स कधी बंद पडत न्हाई."

या वाक्याचा मला तेव्हाच राग आला होता.

नवरदेव नांदेडकडच्या लोहा गावचा. त्याचा धाकटा भाऊ शिवहार नांदेडात माझ्यासारखाच जावावाला. मी आमच्याकडची नावं 'पाहुणे' नावाच्या फाइलीत भरली आणि नमुना म्हणून तीच त्याला पाठवली. म्हटलं, "शिवहारराव, यात तुमच्याकडची नावं भरा आणि जार फाइल करून पाठवा." वराकडचा म्हणून राव, नाहीतर पोरगा माझ्याहून चांगला लहान आहे!

लग्नाच्या सकाळी मी त्याची जार, म्हणजे जावाच्या फाइलींचं बांधलेलं गाठोडं, माझ्या जारला जोडली आणि पडदा सुरू केला. नावं झोकात सरकू लागली. 'मुलीचे मामा शरणप्पा, मुरुड' हे दिसताच आमच्या मामांनी फेटा नीट केला. आमच्याकडची नावं संपली आणि परत आमच्याकडचीच सुरू झाली. मग परत आमच्याकडचीच!

नवरदेवाचे मामा, किनवटचे श्रीमंतमामा, तरातरा अप्पांकडे आले.

"पाहुणे, किनवटहून गाडी हाणत आलो. आमचं नाव कुठं हाय?"

"येईल की मामा, जरा दम धरा."

"काय येईल? तुमच्या भाडेकरूचं बी नाव दोनदा येऊन गेलं!"

आणि मामा गाडीत जाऊन बसले. वर काच लावून घेतली! आता नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा राहिल्याशिवाय अक्षता पडतात का? मुहूर्त तोंडावर आलेला, नवरी, आमची अक्षरा, आत नटून बसलेली.

मला जावाचा खेळ कळला. फाइलीचं नाव सांगितलं की हा गडी क्लासपाथवरनं, म्हणजे आपण आखून दिलेल्या रस्त्यानं, घरोघर शोधत जातो. त्या नावाची फाइल पहिल्या ज्या घरी सापडेल तिथंच बैठक मारतो. पुढच्या घरी त्याच नावाची दुसरी आहे, हे बघायलाही जात नाही. बरं, चूक झाली म्हणून ओरडावं तरी! तेही नाही!

मी शिवहारला गाठलं. "अहो, फाइलीचं नाव तेच कसं ठेवलंत?"

"तुम्हीच पाठवली की दादा! नाव बदल म्हणून कुठं सांगितलं?"

चोराच्या उलट्या बोंबा!

मी त्याची जार रस्त्यात आधी ठेवली. श्रीमंतमामांचं नाव आलं, गाडीची काच खाली झाली. पण आमच्याकडचा आख्खा गोतावळा गायब! शरणप्पामामांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला. "आता पोरीला मामा लागत न्हाई वाटतं!"

आई माझ्यावर धावून आली. "माझ्या भावाला काढलास?"

"मी नाही आई, जावानं काढलं!"

"कोण हाय तो? बोलाव हिकडं! काय करून राहिलाय माझ्या लेकीच्या लग्नात?"

काय सांगणार कपाळ! मी कोठीत बटाट्याच्या पोत्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. बाहेर लग्न लावणारे स्वामी मंगलाष्टकं म्हणायला घसा साफ करून राहिलेले, अप्पा दर मिनिटाला दारात येऊन नुसते बघून जात होते. त्यांनी फ्लेक्सचं नाव काढलं नाही, हे तर फारच लागलं! शेवटी मी प्रोग्रामला बजावलं, पहिल्या घरी बसू नको, सगळ्या घरच्या फाइली गोळा करून आण.

आणल्या! दोन्हीकडची नावं दिसू लागली. श्रीमंतमामा गाडीतून उतरले, शरणप्पामामांनी फेटा चढवला, दोघं आपापल्या जागी उभे राहिले आणि अक्षता पडल्या. मी पडदा दोनदा तपासला. मामा, काका, आत्या, भाडेकरू, किनवटच्या गाडीचा ड्रायव्हरसुद्धा! एकही माणूस राहिला नव्हता. एवढं करून कौतुकाचा एक शब्द? कोणी नाही! जो तो पडद्यासमोर उभा राहून आपल्याच नावाचा फोटो काढत होता. मी हॉलभर उगाच दोन चकरा मारल्या, पण कोणी पाठ थोपटली नाही.

पाठवणीच्या वेळी अक्षरा सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. सगळा राग गिळून मी पुढं झालो, तिला जवळ घेतलं. तिनं डोळे पुसले आणि माझ्या कानाशी हळूच विचारलं, "दादा, नवरा-नवरीचं नाव कोणत्या फाइलीत टाकलं होतं?"

मी शिवहाररावांकडं बघितलं. ते आधीपासनंच माझ्याकडं बघून राहिले होते.