मशरूम सूप आणि रविकांतची झोप

ओमानमधल्या सलालाहच्या बंदरात क्रेन विभागात काम करणाऱ्या रविकांतची बायको नूतन वारली आणि त्याची झोप उडाली. आठ महिने छताकडे बघून झाल्यावर तो डॉक्टर मैथिलींच्या मनःस्वास्थ्य केंद्रात गेला.

डॉक्टर मैथिली नुकत्याच परदेशी परिषदेहून परतल्या होत्या. त्या देशात रुग्णाला भास घडवणारी मशरूम देतात, शेजारी आदिवासी वैदू बसवतात आणि मनोविकारतज्ज्ञ नोंदी ठेवतात. ओमानात असली मशरूम कायद्याने बंद. केंद्राच्या समितीने तोडगा काढला: पद्धत तीच, मशरूम कॅन्टीनमधली. वैदू म्हणून नेमणूक झाली अमीरुन्निसाची. चाळीस वर्षांपूर्वी रत्नागिरीहून आलेली ही बाई लोबान जाळून शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर काढायची.

रविकांतला वाटीभर सूप पाजण्यात आलं.

"काही वेगळं दिसतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"समोरचा डोंगर दिसेनासा झालाय."

बाहेर खरीफचं, म्हणजे तिथल्या पावसाळ्याचं, धुकं होतं. 'भास: समाधानकारक' अशी नोंद झाली.

अमीरुन्निसाने लोबान पेटवला. स्मोक अलार्म कोकलला, नियमानुसार इमारत रिकामी झाली. पार्किंगमध्ये भुरभुर पावसात ती रविकांतजवळ येऊन उभी राहिली.

"बायको कशी होती रं तुजी?"

रविकांत दीड तास बोलत होता. घरी जाऊन तो दहा तास झोपला.

समिती हादरली. गुण आला कशाने? सुपाने, धुराने की अलार्मने?

"बाईंशी बोलल्यामुळे असेल," रविकांत म्हणाला.

"ते मोजता येत नाही," डॉक्टर मैथिली सौम्यपणे म्हणाल्या. सबब, बोलणं वगळण्यात आलं. अमीरुन्निसाकडे पारंपरिक वैदू असल्याचा दाखला मागण्यात आला.

"आयशीकडना शिकलंय मी."

"आईंचा नोंदणी क्रमांक?"

"खलास," म्हणून ती उठली आणि निघून गेली.

पुढची सहा सत्रं सूप पाजून, अलार्म वाजवून आणि इमारत रिकामी करून यथासांग पार पडली. रविकांतची झोप पुन्हा उडाली. अहवालात लिहिलं गेलं, 'रुग्णाच्या जागृतीत लक्षणीय वाढ.'

या यशाबद्दल मराठी मंडळाने डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं: 'एकटेपणा आणि आपण'. रविकांतही आला, मधल्या रांगेत बसला. सभागृह खच्चून भरलं होतं. आपणही वेळेवर पोहोचलो, मनापासून टाळ्या वाजवल्या. त्याच्या शेजारी मात्र कोणाला बसता आलं नाही. त्या खुर्चीवर आपण आपली पिशवी ठेवली होती.