आशिया मुख्यालय, तिकोणा पेठ

कोमलला नोकरी लागली तेव्हा तिच्या वडिलांनी, महिपती आबांनी, पहिला प्रश्न विचारला, "मालक कोण?"

प्रश्न सरळ होता, पण उत्तर सरळ नव्हतं. काम नेदरलँड्समधल्या एका कंपनीचं होतं. ती पॉलिहाऊसमधला ओलावा मोजणारी यंत्रं बनवायची. केनियातल्या एखाद्या गुलाबवाल्याचं यंत्र रुसलं, की कोमल तिकोणा पेठ या गावातल्या आपल्या खोलीत बसून त्याची समजूत काढायची. मात्र या कंपनीची भारतात कंपनी नव्हती. त्यामुळे पगार, रजा, पीएफ हे सगळं पुण्यातली एक मधली कंपनी बघत होती. कागदावर कोमल तिची नोकर होती, आणि त्या कंपनीत तिला कुणी कसलंच काम सांगत नव्हतं.

"म्हंजी राबायचं एकाच्या वावरात आन् जेवायला दुसऱ्याच्या घरी," मुक्ताआत्या म्हणाली. ही आबांची थोरली बहीण. शेजारच्याच घरात राहायची आणि मत मात्र या घरात द्यायची.

"आत्या, आजकाल असंच असतं. परदेशातल्या कंपनीला इथं नवी कंपनी काढायची कटकट नको असते."

"ते ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "दसऱ्याला सोनं कुनाला द्यायचं, त्येवढं सांग."

मधल्या कंपनीच्या रेणुका मॅडमनी मात्र फोनवर एक गोष्ट बजावली होती. "कोमल, त्या कंपनीचं इथे ऑफिस आहे असं कुठेही दिसता कामा नये. बोर्ड नको, पाटी नको, 'आमची शाखा' हा शब्दसुद्धा नको. तसं दिसलं तर इथला कर आणि इथले कायदे त्यांच्या गळ्यात पडतील. त्यांचे वकील फार घाबरट आहेत. एका मुलाने घराच्या दारावर कंपनीचं नाव लावलं, तर महिन्याच्या आत त्याचा करार बंद झाला."

कोमलला हा करार बंद होऊन चालणार नव्हता. आई गेली तेव्हा ती हिंजवडीला नोकरी करत होती आणि वसतिगृहात राहत होती. शनिवारी घरी आली की शुक्रवारची भाजी तशीच दिसायची. आबा एकटे जेवायला बसले की अर्धं ताट ठेवून उठत. घरी बसून करता येईल अशी ही एकच नोकरी तिला मिळाली होती. ती गेली तर पुन्हा हिंजवडी, आणि पुन्हा शुक्रवारची भाजी.

इकडे आबांची अडचण वेगळी होती. रोज सकाळी दूध डेअरीवर कॅन रिकामा होईपर्यंत लोक त्यांना धरायचे.

"महिपतीभाऊ, पोरगी दिसभर खोलीत काय करती?"

"नोकरी."

"कुटं?"

"खोलीतच."

"आन् कंपनीचा बोर्ड?"

"बोर्ड न्हाई."

मग सगळे एकमेकांकडे बघायचे. ज्या कंपनीला बोर्ड नाही ती पळून जाणारी कंपनी, याबद्दल डेअरीवर दुमत नव्हतं. एकदा आबांनी घरी येताना ही गोष्ट पुतण्याजवळ काढली, आणि तिथून सगळं घसरत गेलं.

पुतण्या पप्पू पवनेच्या काठावर तंबू भाड्याने द्यायचा आणि यंदा ग्रामपंचायतीला उभा राहणार होता. उभं राहायचं तर लोकांनी चेहरा ओळखायला हवा, चेहरा ओळखायचा तर फ्लेक्स हवा, आणि फ्लेक्सला निमित्त हवं. निमित्त आता चालत घरी आलं होतं.

शुक्रवारी कोमल इन्व्हर्टरची बॅटरी आणायला लोणावळ्याला गेली. संध्याकाळी परतली तर घरासमोर बांबूच्या चौकटीवर बैलगाडीएवढा फ्लेक्स फडफडत होता. वर मध्यभागी पप्पूच्या गटाच्या साहेबांचा हात जोडलेला फोटो. त्याखाली पप्पू, गॉगलसह. दोन्ही बाजूंना एकवीस शुभेच्छुक. एका कोपऱ्यात, पिन कोडच्या वर, कोमल. तिच्या लॅपटॉपच्या खोक्यावरून उचललेलं कंपनीचं हिरव्या पानाचं बोधचिन्ह सगळ्यांहून मोठं, आणि त्याखाली मजकूर: 'जगप्रसिद्ध डच कंपनीचे आशिया मुख्यालय आता आपल्या पेठेत! भव्य उद्घाटन.' शेवटी एक लालभडक बाण आणि 'कार्यालय'. बाण गोठ्याकडे होता.

"पप्पूदादा, हे काय केलंस!"

"आभार नंतर मान. आशिया लिव्हलंय बग. भारत लिव्हनार हुतो, पन जागा उरली."

"अरे, माझी नोकरी जाईल!"

तिने सगळं समजावून सांगितलं. आबा ओट्यावर टेकले.

"काढ रं पप्पू त्यो," आबा म्हणाले.

"काडू? काका, वर साहेब हायत! साहेबांचा चेहरा भर रस्त्यात उतरवायचा? उद्या म्हनत्याल, पप्पूनं गट बदलला. निवडनूक हुईपर्यंत ह्या चौकटीवरनं साहेब हलत न्हाईत."

शनिवारी सकाळी दारात रांग लागली. पेठेतली आणि आजूबाजूच्या वाड्यांवरची पोरं फोटो डकवलेले बायोडाटा घेऊन आली. एक जण 'आशियात कुठंही' जायला तयार होता. सरपंच येऊन गेले. देवळापुढच्या सभामंडपाला मुख्यालयाने हातभार लावावा, अशी त्यांची अपेक्षा होती. दुपारी ग्रामसेवक येऊन गोठा टेपने मोजू लागला, कारण कार्यालयाची घरपट्टी वेगळी असते. म्हशीने त्याला पुरतं मोजू दिलं नाही.

आणि तेवढ्यात रेणुका मॅडमचा फोन आला.

"कोमल, आनंदाची बातमी! कंपनीचे मालक योस्त पुण्यात फुलांच्या प्रदर्शनाला आलेत. त्यांना तुझ्या घरी चहा प्यायचाय. उद्या. सोबत त्यांच्या वकील मारिट आहेत आणि मी आहे. घाबरू नकोस, फक्त चहा. तू घरातूनच काम करतेस, एवढं मारिटना डोळ्यांनी बघायचंय."

फोन ठेवून कोमलने सांगितलं. पप्पूने मान वर करून फ्लेक्सकडे पाहिलं.

"उतरवता येत न्हाई," पप्पू हळूहळू म्हणाला, "पन झाकता येतो. वरनं दुसरा फ्लेक्स लावायचा. साहेब त्याच मापाचे, त्याच जागी. म्हंजी साहेब काय झाकलं जात न्हाईत."

"आणि निमित्त?"

"वाडदिवस. वाडदिवसाला कोन कायबी इचारत न्हाई."

"कुनाचा?" आत्याने विचारलं.

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांचा वाढदिवस आजवर कधीच झाला नव्हता. शाळेत मास्तरांनी गावातल्या सगळ्या पोरांसारखा एक जून लावला होता, आणि आता तर थंडी पडली होती.

"ह्यो पोळ्यानंतर झालाय," आत्या ठामपणे म्हणाली. "मला याद हाय. तवा बाजरी कापनीला आलती."

"मग उद्याच," पप्पू म्हणाला. "एकसष्टी."

रविवारी गाडी आली तेव्हा चौकटीवर फेटा घातलेले आबा हसत होते. दाराला तोरण होतं, मांडव होता, आणि सारा गाव होता, कारण जेवण आहे हे कुणाला सांगावं लागलं नव्हतं. योस्त गाडीतून उतरले ते उतरतच राहिले, इतके उंच होते. मुक्ताआत्याला त्यांना कुंकू लावायला स्टुलावर चढावं लागलं. दोघा पाहुण्यांना टोपी, शाल आणि नारळ देण्यात आला. मारिटबाईंनी नारळ हातात धरूनच चौकशी सुरू केली. त्या काय विचारायच्या ते कोमल मराठीत सांगायची, आणि रेणुका कान देऊन ऐकायची.

"ही तरुण मुलं हातात कागद घेऊन का उभी आहेत?"

सकाळपासून बायोडाटावाले हटले नव्हते. कोमलने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "मला सांगून आलेली स्थळं," ती म्हणाली.

"एवढी?"

"आज जरा कमीच आहेत."

रेणुकाला ठसका लागला. मारिटबाईंनी आदराने मान हलवली आणि आबांकडे वळल्या. "तुमची मुलगी काय काम करते? तिचं ऑफिस कुठे आहे?"

कोमलने प्रश्न सांगितला. मांडवातल्या माना वळल्या. डेअरीवरची सगळी मंडळी पुढच्याच रांगेत होती. गेले कित्येक दिवस याच प्रश्नाचं रुबाबदार उत्तर द्यायला आबा आसुसले होते. त्यांनी फेटा नीट केला, घसा खाकरला.

"हापिस न्हाई," ते मोठ्याने म्हणाले. "कंपनी हितं न्हाईच. पोरगी खोलीत बसून फोनवर बोलती, येवढंच. सारा गाव म्हनतोय कंपनी खोटी हाय. असंलबी."

पुढच्या रांगेत कुणीतरी मांडीवर थाप मारली. "बगा! म्या म्हनलंच हुतं!"

आबांनी तिकडे पाहिलंही नाही. कोमलने उत्तर शब्दशः इंग्रजीत सांगितलं, फक्त खोट्या कंपनीचं वाक्य गाळलं. मारिटबाई समाधानाने हसल्या आणि त्यांनी प्रथमच चहाचा घोट घेतला.

चहा झाला, एवढ्यावर सगळं निभावलं असतं. पण योस्त केव्हापासून फ्लेक्सपुढे उभे होते.

"आमच्याकडे वडिलांसाठी असं कुणी करत नाही," ते कोमलला म्हणाले. "माझे वडील वसंतात गेले. त्यानंतर भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर ज्यात ते दुसरीकडे बघत नाहीत असा एकही निघाला नाही. हे चित्र किती छान आहे."

कोमलने आबांना सांगितलं. आबा उठले, योस्तांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघंही थोडा वेळ वर बघत होते.

"आवडलं व्हय? मग घिऊन जा म्हनावं," आबा म्हणाले.

"काका!" पप्पू किंचाळला.

पण पाहुण्याला आवडलेली वस्तू दिली नाही असं त्या घरात कधी घडलं नव्हतं, आणि शब्द तोंडून गेल्यावर आबांना आठवलं की खाली काय आहे. "मी नवा छापून देतो, मोठ्ठा देतो," असं पप्पू मराठीत आणि हातवाऱ्यांत सांगत राहिला. योस्तांना स्टुलाची गरज नव्हती. त्यांनी उभ्या उभ्या वरच्या दोन्ही गाठी सोडल्या, आणि एकसष्टीचा फ्लेक्स सळसळत खाली आला.

साहेब होते तिथेच होते. पप्पूही होता. आबांच्या जागी मात्र कंपनीचं हिरवं पान झळकत होतं, परातीएवढं.

मारिटबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "हे आमचं चिन्ह आहे," त्या म्हणाल्या.

मारिटबाईंनी भाषांतरासाठी मोबाईल काढून फ्लेक्ससमोर धरला. पेठेत त्या मोबाईलला रेंज नव्हती. त्यांनी तो दोनदा हलवला आणि मग वळून म्हणाल्या, "रेणुका, इथे काय लिहिलंय? शब्द न् शब्द वाचून दाखव."

रेणुकाने वाचलं. वरून खाली, आशियापासून बाणापर्यंत. तिने कोमलकडे पाहिलं. मग आबांकडे. आबांनी फेटा काढून हातात घेतला होता.

"लिहिलंय," रेणुका स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "'आमच्या कोमलला परदेशी कंपनीत काम मिळालं. ती हे काम आपल्या राहत्या घरातून करते. तिचे हार्दिक अभिनंदन.'"

"एवढंच? मजकूर बराच मोठा दिसतो."

"मराठीत अभिनंदन थोडक्यात केलं तर लोकांना राग येतो."

"आणि ही एवढी माणसं कोण?"

"भाऊ."

"सगळे?"

"चुलत, मावस, आते. आमच्याकडे मोजत नाहीत."

मारिटबाई फ्लेक्सजवळ गेल्या. "आणि हा बाण?"

रेणुकाने बाणाच्या दिशेने पाहिलं. बाणाच्या टोकाला गोठा होता आणि गोठ्याआड चुलीवर आमटीचं पातेलं रटरटत होतं.

"जेवण तिकडे," ती म्हणाली.

मारिटबाईंनी एकदा गोठ्यात डोकावून पाहिलं. म्हैस, वैरण, शेणाची पाटी. इथे कुठल्याही कंपनीचं कार्यालय असू शकत नाही याची त्यांची पुरती खात्री पटली, आणि त्या आमटीचा वास घेत प्रसन्न चेहऱ्याने पंगतीला बसल्या. योस्तांनी मांडीवर फ्लेक्सची सुरळी घेऊन तीन वेळा आमटी-भात मागितला. आबा शेजारी बसून वाढत होते, आणि वाढता वाढता स्वतःही जेवत होते.

पाहुणे गाडीत बसल्यावर रेणुका घाईघाईने परत आली. आता तिचा आवाज फोनवरचा होता.

"कोमलचा करार आणखी दोन वर्षं वाढवायला सांगितलाय त्यांनी. पण पप्पूदादा, हा फ्लेक्स मला पुन्हा दिसता कामा नये. आत्ताच्या आत्ता उतरवा."

"उतरवता येत न्हाई, मॅडम. साहेब हायत."

"मग झाका!"

"ज्यानं झाकला हुता त्यो हॉलंडला चालला की." पप्पूने गाडीकडे बोट दाखवलं. "दुसरा लावायचा म्हंजी दुसरा वाडदिवस पायजे. तुमचा कदी असतोय?"

"माझा? मार्चमध्ये. आम्ही बोर्डावर येत नाही. आमचं कामच मुळी मध्ये राहून न दिसण्याचं आहे."

"बरं," पप्पू म्हणाला, आणि मोबाईल वर धरून त्याने तिचा एक फोटो काढला.

सोमवारी सकाळी चौकटीवर साहेब होते, पप्पू होता, एकवीस शुभेच्छुक होते, आणि मधोमध, जरा दचकलेल्या चेहऱ्याच्या, रेणुका मॅडम होत्या.