काकांचे मागचे शॉकप

रक्षेचा डबा काकूंच्या मांडीवर होता. गाडी पहिल्याच खड्ड्यात गेली, डब्याचे झाकण खणकले आणि गाडी चालवणाऱ्या शेजारच्या चष्मेवाल्याने वेग कमी केला.

"ही गाडी अशी आदळायची नाही रे," काकू म्हणाल्या.

"रस्ता खराब झालाय, काकू."

"रस्ता लग्नापासून खराबच आहे. गाडी डुलायची. आता आपटतेय."

चष्मेवाल्याने समोर बघून गाडी चालवणे पसंत केले. त्याच्याकडे दुसरा पर्याय नव्हता.

गाडी म्हणजे दोन माणसांची, उघड्या टपाची, जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार. ती ज्यांची होती, त्या शेजारच्या काकांना सगळी गल्ली 'ओरिजिनलकाका' म्हणत असे. कारखान्यातून आला तो स्क्रू खरा, नंतर बसवला तो उपरा, असे त्यांचे साधे तत्त्वज्ञान होते. इस्पितळात त्यांनी चष्मेवाल्याचा हात धरून सांगितले होते, "गाडी तुला. पण तिच्यातलं काही बदलायचं नाही. बदललंस तर हिनं गाडी परत घ्यायची." उशाशी बसलेल्या काकूंनी मान हलवली, चष्मेवाल्याने शब्द दिला आणि काका निर्धास्त झाले. निर्धास्त झालेली माणसे फार टिकत नाहीत. काकाही टिकले नाहीत.

त्या गाडीचे मागचे शॉकप, म्हणजे खड्ड्यांचे धक्के गिळणारे भाग, जुन्या तऱ्हेचे होते. तेलाची जड लोखंडी डबी आणि तिच्यातून बाहेर आलेली एक दांडी. डब्या गळत होत्या. त्यामुळे गाडी थांबली तरी तिची मागची बाजू बराच वेळ कुणाच्या तरी म्हणण्याला होकार देत राही. चष्मेवाल्याची बायको एकदाच त्या गाडीत बसली आणि उतरल्यावर भिंतीला धरून म्हणाली, "यापुढे एक तर हे डुलणं राहील, नाहीतर मी."

म्हणून चष्मेवाल्याने मेकॅनिकला गाठून दांडीवाले शॉकप काढवले आणि नळीवाले नवे बसवले. त्यासाठी खाली दोन लोखंडी पट्ट्या जोडाव्या लागल्या. "काकांना कळलं तर?" त्याने विचारले होते. "काका गेले की," मेकॅनिक म्हणाला, "आता ते कशाला खाली वाकून बघतात?" डुलणे गेले आणि आदळणे आले. बायको अजूनही गाडीत बसत नव्हती. आणि अशात काकूंचा निरोप आला, "यांची रक्षा नदीत सोडायचीय. त्यांच्याच गाडीतून नेऊ."

दुसऱ्या खड्ड्यात डबा काकूंच्या हनुवटीपर्यंत उडाला.

"टायरमध्ये हवा जास्त झालीय," चष्मेवाला घाईने म्हणाला.

"मग काढ की."

आता काढणे भाग होते. तो रस्त्यावर गुडघे टेकून एकेका धडधाकट टायरची हवा काढू लागला. काकू डबा कवटाळून डोक्याशी उभ्या होत्या. "अजून काढ," त्या म्हणाल्या. "यांना त्रास होतोय." त्याने अजून काढली. पुढच्या धारदार खड्ड्यात तो मऊ पडलेला मागचा टायर चिमटला आणि बसला.

"तुम्ही बसा काकू, मी बघतो."

"मला काय नवीन आहे? पंक्चर झालं की जॅक मीच लावायचे. हे नट मोजत बसायचे." काकूंनी डबा बॉनेटवर ठेवला, डिकी उघडली आणि चष्मेवाला पोहोचायच्या आत जादा चाक उचलले.

चाकाखाली जुन्या चादरीचे गाठोडे होते. काकूंनी गाठ सोडली. आत दोन दांडीवाले शॉकप, पुसून, ग्रीस लावून, शेजारी शेजारी निजवलेले. फेकून द्यायला त्याचा हात धजला नव्हता. काकूंनी एकाची दांडी वर केली. ती सावकाश खाली आली.

चष्मेवाल्याने चावी पुढे केली. "गाडी घेऊन जा काकू. मी शब्द मोडला."

काकूंनी चावीकडे पाहिलेच नाही. "माझ्याकडूनही घेतला होता एक," त्या म्हणाल्या. "'मला जाळू नकोस, जमिनीत पूर. सगळे भाग जागच्या जागी राहिले पाहिजेत.'"

चष्मेवाल्याची नजर बॉनेटवरच्या डब्याकडे गेली.

"जागा बघायला गेले होते मी. एकच मिळत होती, तीही हमरस्त्याला लागून. रात्रंदिवस नव्या गाड्या. यांना तिथं पडून राहवलं असतं का? म्हटलं, त्यापेक्षा नकोच. घरी आले, सवयीनं दोघांचा चहा टाकला. मग दोन्ही कप मीच प्यायले." त्यांनी गाठोडे पुन्हा बांधले. "तू निदान काढलेले भाग जपून तरी ठेवलेस. चावी ठेव खिशात. मी कोणत्या तोंडानं मागू?"

चाक बदलून दोघे नदीवर पोहोचले तेव्हा आभाळ राखाडी होते आणि पाणीही तसेच. काकूंनी डबा उपडा केला. एवढ्या हट्टी माणसाची रक्षा काही कुरकुर न करता वाहून गेली.

"ते पण आण," काकू म्हणाल्या.

"असे आता मिळत नाहीत, काकू."

"हेही मिळणार नाहीत."

त्याने आणले. एकेक करून दोन्ही शॉकप पाण्यात गेले. थोडे तेल वर आले, जरा घुटमळले आणि रक्षेच्या मागोमाग निघाले. डबा काकूंनी तिथेच काठावर ठेवला.

परतीच्या वाटेवर पहिला खड्डा आला तेव्हा काकूंचे दोन्ही हात पटकन मांडीकडे गेले आणि तसेच राहिले.

"हळू घे रे," त्या म्हणाल्या. "आता धरायला काही नाही."