ओढ्यापलीकडचा लावा

फळीवर केळ्याचे तुकडे मांडून एवेलिओने शीळ घातली. झुडपातून तांबड्या छातीचा रानलावा बाहेर आला. त्याच्यामागून करड्या छातीचा डोकावताच एवेलिओने हॅट झटकली.

"हाड! तू पलीकडचा. जा आपल्या मालकिणीकडे!"

मालकीण म्हणजे त्याची थोरली बहीण ओफेलिया. ओढ्यापलीकडे ती करड्याला मका घालायची आणि तांबड्याला फडक्याने हुसकायची. हे गेले नऊ महिने चाललं होतं. गावाने पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी पायवाट काढायचं ठरवलं होतं. ज्याच्या पक्ष्याची जात दुर्मिळ, त्याच्या अंगणातून वाट जाणार. बायको गेल्यापासून एवेलिओच्या अंगणात बोलायलाच कुणी उरलं नव्हतं. त्याला ती वाट हवीच होती. बहिणीलाही तशीच हवी असेल, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही.

निवाड्याला शहरातून यानेथबाई आल्या, पक्ष्यांच्या अभ्यासक. त्या ओढ्यातल्या खडकावर बसल्या आणि दोन्ही काठांवरून तोंडं सुटली.

"माझ्याच्या डोळ्यामागे पांढरा पट्टा आहे!"

"माझ्याच्याही आहे!"

"मग तुझ्याने चोरला असेल, ताई!"

"गातो कोण पण? माझाच!"

"जरा गप्प बसता का दोघं?" बाई म्हणाल्या.

गाणं सुरू झालं. पहिला सूर एवेलिओच्या झुडपातून निघाला आणि दुसरा ओफेलियाच्या. इतके भराभर, की एकच पक्षी गातोय असं वाटावं.

"जात एकच आहे," बाई म्हणाल्या. "तांबडा नवरा, करडी बायको. रोज एकमेकांना हाका मारतायत बिचारे."

मग ओफेलिया हळूच म्हणाली, "मी त्याला फडकं मारलं रे."

दुसऱ्या दिवशी ती मक्याची वाटी घेऊन ओढा ओलांडून आली. तांबडा खायला लागला, पण करडी झुडपातच थांबली.

"ये गं बाई," एवेलिओ अजिजीने म्हणाला. "रुसली वाटतं."

"हॅट काढ आधी, शहाण्या!"

त्याने हॅट काढली. करडी बाहेर आली आणि तांबडा पळाला.

"ताई, खांद्यावरचं फडकं."

ओफेलियाने फडकं घाईघाईने बुडाखाली दडपलं. थोड्या वेळाने दोघं पक्षी शेजारी शेजारी टिपू लागले. एवेलिओला एकदम भरून आलं. वाट कुठून जायची हे विचारायचं त्याच्या ओठावर होतं, पण त्याने ते विचारलं नाही.

"कॉफी टाकू, ताई?"

"टाक. आणि गूळ बेताने घाल, उद्याही यायचंय मला."